घरी केलेला देवनागरी फॉन्ट शेअरवेअर म्हणून देताना

झिप फाइलमधून बाहेर पडला की फॉन्ट एकटाच फिरतो. ज्यानं तो थेट तुमच्या पानावरून उतरवून घेतला, त्याला सोबतची 'वाचा' फाइल दिसते, परवाना दिसतो, पैसे कुठे भरायचे ते कळतं. तो नुसती टीटीएफ, म्हणजे फॉन्टची, फाइल डीटीपीवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो, डीटीपीवाला ती पेनड्राइव्हवर टाकून फ्लेक्स छापणाऱ्याकडे देतो. या तिसऱ्या माणसाच्या हाती फक्त फॉन्ट असतो. 'आधी वापरा, पटला तर पैसे द्या' या पद्धतीनं, म्हणजे शेअरवेअर म्हणून, फॉन्ट द्यायचा असेल तर सगळी तयारी या तिसऱ्या माणसासाठी करायची. जे सांगायचं ते फॉन्टच्या पोटात भरायचं.

पद्धत जुनीच आहे. १९८२ साली अमेरिकेत जिम नॉफ यांचा पीसी-फाइल आणि अँड्र्यू फ्लुगलमन यांचा पीसी-टॉक हे प्रोग्रॅम असेच वाटले गेले: प्रती काढा, मित्रांना द्या, उपयोगी पडला तर पैसे पाठवा. १९९० मध्ये अडोबीनं टाइप १ फॉन्टची रचना खुली केली, १९९२ मध्ये विंडोज ३.१ सोबत ट्रूटाइप आला, आणि घरी बसून फॉन्ट करणाऱ्यांनी तीच वाट धरली. देवनागरीत त्या काळचे शुषा, शिवाजी यांसारखे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवून केलेले होते. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. पण त्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आज फॉन्टशिवाय उघडला की रोमन अक्षरांचा कालवा दिसतो. म्हणून नवा फॉन्ट करायचा तो युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत. 'जुन्या पेजमेकरसाठी तशी एक प्रत द्या' असा आग्रह (पेजमेकर म्हणजे पानं जुळवायचा जुना प्रोग्रॅम) कुणी ना कुणी धरेलच. त्याला नाही म्हणावं.

किंमत, परवाना यांच्या आधी एक तपासणी. फॉन्टमधली सगळी अक्षरं खरोखर तुमचीच आहेत ना? देवनागरी जीव ओतून काढायची आणि रोमन अक्षरं, आकडे, विरामचिन्हं एखाद्या मोफत फॉन्टमधून उचलायची, असं सर्रास होतं. मुक्ता, बलू, पॉपिन्स हे फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या परवान्याखाली आहेत. त्याच्या २००७ सालच्या १.१ आवृत्तीत अट स्पष्ट आहे: त्यातून काढलेला फॉन्टही त्याच परवान्याखाली वाटायचा. त्यातले चाळीस ग्लिफ, म्हणजे अक्षरांचे आकार, जरी घेतले तरी तुमच्या अख्ख्या फॉन्टला तोच परवाना लागतो, आणि मग 'धंद्याच्या कामाला पैसे' ही अट लावता येत नाही. यावर उपाय दोनच. रोमन स्वतः काढा, किंवा रोमन सरळ वगळा. वगळलं तरी स्पेस, पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, दोन्ही अवतरणं, कंस, हायफन, डॅश आणि रुपयाचं चिन्ह हे स्वतःच काढावं लागतं. पूर्णविराम दुसऱ्या फॉन्टमधून आला तर ओळीचा तोल जातो.

जुन्या छापखान्याच्या खिळ्यांवरून वळण घ्यायला हरकत नाही. निर्णयसागरच्या एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकाचं पान स्कॅन करून त्यावरून अक्षरं काढलीत तर ते काम तुमचं. पण त्याच खिळ्यांवरून दुसऱ्या कुणी केलेल्या डिजिटल फॉन्टची फाइल उघडून तिचे बिंदू सरकवले तर ती नक्कल होते. भारतात फॉन्टची फाइल १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली संगणक प्रोग्रॅम म्हणून धरता येते. अक्षरांच्या रूपाची नोंदणी हा वेगळा विषय. २००० च्या डिझाइन कायद्यात टाइपसाठी १८-०३ हा वर्ग आहे, पण अर्ज फॉन्ट बाहेर सोडण्याआधी करावा लागतो. एकदा लोकांपुढे आलेलं डिझाइन नोंदवता येत नाही.

आता फॉन्टचं पोट. प्रत्येक फॉन्टमध्ये 'नेम' नावाचं टेबल असतं आणि त्यातल्या नोंदींना क्रमांक असतात. फॉन्टफोर्ज या फॉन्ट करायच्या प्रोग्रॅममध्ये ते 'एलिमेंट' मेनूतल्या 'फॉन्ट इन्फो'त, 'टीटीएफ नेम्स' या पानावर भरायचं. शून्य क्रमांकाला कॉपीराइट: वर्ष आणि तुमचं नाव. १ ला कुटुंबाचं नाव. ते ३१ अक्षरांच्या आत ठेवा, कारण विंडोजच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये त्याहून लांब नाव कापलं जातं, कधी फॉन्ट यादीत येतच नाही. ५ ला आवृत्ती. ६ ला पोस्टस्क्रिप्ट नाव. ते फक्त रोमनमध्ये, मधे मोकळी जागा न सोडता. ११ ला तुमच्या पानाचा पत्ता, १३ ला परवान्याचा मजकूर, १४ ला परवान्याच्या पानाचा पत्ता. शेअरवेअरचं सगळं या १३ आणि १४ वर उभं आहे, आणि घरी केलेल्या फॉन्टमध्ये नेमक्या याच दोन नोंदी रिकाम्या सापडतात.

या नोंदी भाषेनुसार वेगवेगळ्या भरता येतात. विंडोजच्या हिशेबात इंग्रजीचा भाषा-क्रमांक १०३३ आणि मराठीचा ११०२. परवाना दोन्हींत लिहा. फॉन्टचं नाव मात्र इंग्रजी नोंदीत रोमनमध्ये असलंच पाहिजे. नुसतं देवनागरी नाव दिलं तर काही प्रोग्रॅमच्या यादीत चौकोन दिसतात. समजा फॉन्टचं नाव 'पागोळी' आहे. १३ क्रमांकाला असा मजकूर चालेल:

'पागोळी, आवृत्ती १.००. हा फॉन्ट तपासून बघायला, घरगुती कामाला आणि शाळा-कॉलेजच्या कामाला मोफत आहे. ज्या कामाचे तुम्ही गिऱ्हाइकाकडून पैसे घेता त्या कामाला तो वापरलात, तर ज्या संगणकावर तो बसवला आहे त्याच्या मालकानं एकदाच ३५० रुपये भरावेत. ही फाइल आहे तशी दुसऱ्याला द्यायला हरकत नाही. तिच्यात फेरफार करून, नाव बदलून किंवा फॉन्टच्या गठ्ठ्यात घालून विकायला परवानगी नाही.'

यातलं प्रत्येक वाक्य एकेका भांडणाचं उत्तर आहे. लग्नपत्रिकेचे पैसे कोणी द्यायचे, नवरीच्या वडिलांनी की पत्रिका जुळवणाऱ्यानं? परवान्यात 'व्यावसायिक वापर' एवढंच लिहिलं तर दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. 'संगणकाचा मालक' म्हटलं की प्रश्न मिटतो. दिवाळी अंक, गणेशोत्सव मंडळाचा बॅनर, यूट्यूबची थंबनेल, पुस्तकाचं मुखपृष्ठ सगळं त्यात बसतं. 'एकदाच' हा शब्दही हवा, नाहीतर दर कामाला पैसे पडतील या भीतीनं दुकानदार फॉन्टला हात लावत नाही. आणि गठ्ठ्याची अट हवीच, कारण हजार-हजार फॉन्ट एकत्र करून विकणारे मोफत दिसणारा प्रत्येक फॉन्ट उचलतात.

पैसे भरायचा यूपीआय आयडी फॉन्टमध्ये कधीही लिहू नका. फॉन्ट वीस वर्षं फिरतो, बँक त्याआधी बदलते. यूपीआय आयडीत मोबाइल नंबर असेल तर तोही कायमचा जगजाहीर होतो. फॉन्टमध्ये फक्त पानाचा पत्ता ठेवा, तोही स्वतःच्या डोमेनवरचा, आणि दरवर्षी त्याचे पैसे भरायला विसरू नका. जुन्या शेअरवेअर फॉन्टमध्ये टपालाचे पत्ते असायचे. ते पत्ते जुने झाले, फॉन्ट अजून वापरात आहेत, आणि पैसे द्यायची इच्छा असलेल्यालाही ते कुठे पाठवायचे ते कळत नाही.

इथे एक जाळं आहे, त्यात अनुभवी माणसंही अडकतात. वेबसाठी किंवा चाचणीसाठी फॉन्टची छोटी आवृत्ती करायला पायएफटीसबसेट हे फॉन्टटूल्स या पायथनच्या साधनसंचातलं साधन वापरतात. ते मुळातच नेम टेबलातल्या ० ते ६ एवढ्याच नोंदी ठेवतं आणि भाषाही फक्त इंग्रजी ठेवतं. म्हणजे तुमचा परवाना, त्याचा पत्ता आणि मराठी नाव, सगळं न सांगता उडतं. कमांडमध्ये 'नेम-आयडीज' आणि 'नेम-लँग्वेजेस' या दोन्ही पर्यायांना तारांकन द्या, म्हणजे सगळं टिकतं. तयार फाइल त्याच संचातल्या टीटीएक्सनं (ते फॉन्टमधल्या नोंदी वाचता येतील अशा मजकुरात दाखवतं) उघडून १३ क्रमांकाची नोंद डोळ्यांनी बघा, मगच ती वर चढवा.

मोफत काय द्यायचं आणि पैशाचं काय राखून ठेवायचं? रोमन फॉन्टचे कर्ते चाचणीच्या प्रतीतून काही अक्षरं काढून टाकतात. देवनागरीत हे घातक ठरतं. मूळ अक्षर काढलं तर विंडोज त्या जागी स्वतःचे निर्मला किंवा मंगल हे फॉन्ट आणतं आणि एका शब्दात दोन फॉन्ट दिसतात; निदान चूक लक्षात तरी येते. जोडाक्षर काढलं तर वेगळंच होतं. जोडाक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा नसते, त्यामुळे दुसरा फॉन्ट मदतीला येत नाही. द चा पाय मोडून पुढे ध उभा राहतो, 'शुद्ध' हा शब्द तसाच फ्लेक्सवर छापला जातो, आणि चौकातून जाणारे म्हणतात फॉन्ट वाईट आहे. माझं मत ठाम आहे: साध्या वजनाची (वजन म्हणजे रेघेची जाडी) पूर्ण देवनागरी मोफत द्या. ठळक आणि बारीक वजनं, पर्यायी अक्षरं, वेबसाठी वॉफ२ हे पैसे भरणाऱ्यासाठी ठेवा. मथळ्याला ठळक वजन लागतंच, आणि मथळा करणाराच बहुधा पैसे घेऊन काम करत असतो.

चाचणीची प्रत वेगळी केलीत तर तिचं नाव वेगळं ठेवा, १, ४ (पूर्ण नाव) आणि ६ या तिन्ही नोंदींत. एकाच नावाच्या दोन फाइली संगणकावर बसल्या की प्रोग्रॅम कोणती उचलेल याचा भरवसा नसतो, आणि पैसे भरलेला माणूस 'पूर्ण फॉन्ट दिलाच नाही' म्हणून तक्रार करतो.

फॉन्ट सोडण्याआधीची मराठीची परीक्षा कडक हवी. पहिला शब्द 'दुसऱ्या'. हा अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो: ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडायची खूण. 'हाफ' या फीचरमध्ये (अर्ध्या अक्षरांचे नियम ठेवायच्या फॉन्टमधल्या जागेत) दोन्हींचे नियम लिहावे लागतात. पहिला राहिला तर ऱ चा नुक्ता (खालचा टिंब) आणि हलन्त उघडे पडतात, दुसरा राहिला तर पाय मोडलेला र दिसतो. हिंदी फॉन्टवरून नियम उतरवले असतील तर इथेच घोटाळा असतो. दुसरा शब्द 'ॲप'. ॲ ला युनिकोडमध्ये ०९७२ ही जागा २००८ साली मिळाली. त्याआधीच्या मजकुरात तो अ, झेडडब्ल्यूजे आणि अर्धचंद्र असा जोडून लिहिलेला सापडतो, तोही नीट बसला पाहिजे. त्यानंतर वाङ्मय, उच्छ्वास, लठ्ठ, अड्डा, हृदय, ह्रास, चिन्ह, ट्रॅक्टर, कऱ्हाड हे शब्द मोठ्या आकारात छापून बघा.

ल आणि श हा मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. मराठीतला ल दोन पाकळ्यांचा, श देठाचा. हिंदी वळण वेगळं. ओपनटाइप या फॉन्टच्या आजच्या रचनेत 'लोकल' फीचरनं भाषेप्रमाणे रूप बदलता येतं, पण त्यासाठी प्रोग्रॅमनं भाषा सांगावी लागते, आणि रोजच्या वापरातले कितीतरी प्रोग्रॅम ती सांगत नाहीत. म्हणून मूळ जागेवर मराठी ल आणि श ठेवा, हिंदी रूपं हिंदीच्या टॅगखाली द्या. उलट केलंत तर मराठी रूपं फॉन्टमध्ये असूनही कुणाला दिसायची नाहीत.

उंचीचं प्रकरण सर्वांत जास्त छळतं. 'मूर्तींच्या' हा शब्द घ्या. त्यातल्या 'र्तीं'वर वेलांटी, तिच्यासोबत रफार आणि वर अनुस्वार, तिघं एकाच जागेसाठी भांडतात. खालच्या बाजूला 'उद्धृत'. हजार युनिटच्या चौकटीत शिरोरेषा ६५० वर असेल तर 'र्तीं'चा टिंब सहज ९५० च्या पुढे जातो. ओएस/२ या टेबलातला विन-असेंट (विंडोज वर किती उंचीपर्यंत दाखवतं तो आकडा; खालचा तो विन-डिसेंट) त्याहून कमी असला तर विंडोजवर टिंब कापला जातो, आणि कापलेला अनुस्वार म्हणजे चुकीचा शब्द. विन-असेंट आणि विन-डिसेंट सर्वांत उंच आणि सर्वांत खोल आकारापर्यंत न्या. ओळींमधलं अंतर त्याच टेबलातल्या टायपोच्या आणि एचएचईए या दुसऱ्या टेबलाच्या आकड्यांनी ठरवा, ते दोन्हीकडे सारखे ठेवा, लाइन-गॅप शून्य, आणि 'यूज टायपो मेट्रिक्स'ची खूण चालू करा. फॉन्टफोर्जमध्ये या आकड्यांशेजारी 'इज ऑफसेट' अशी चौकट असते. तिच्यात टिक असेल तर तुम्ही लिहिलेला आकडा मूळ मापात मिळवला जातो आणि दोन ओळींमध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा पडते. टिक काढा.

जोडणी तपासायला एकच प्रोग्रॅम पुरत नाही. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस अक्षरं जोडायला हार्फबझ वापरतात, विंडोजचं स्वतःचं इंजिन आहे, मॅकचं तिसरं. तिन्हीकडे बघा. फॉन्टबेकरी या फॉन्ट तपासायच्या प्रोग्रॅमनं एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. ती शंभर सूचना देईल. त्यातल्या 'फेल' लिहिलेल्या आधी मिटवा.

एम्बेडिंगची खूण हाही परवान्याचाच भाग. ओएस/२ टेबलात एफएसटाइप नावाचा आकडा असतो. ० म्हणजे बंधन नाही, ४ म्हणजे फक्त बघणं-छापणं, ८ म्हणजे कागदपत्रात घालून संपादनही करता येईल, २ म्हणजे पूर्ण बंदी. चोरी थांबेल म्हणून २ ठेवायचा मोह होतो. त्यानं चोर थांबत नाही. तो तसाही अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसती चित्रं, करून फाइल पाठवतो. अडकतो तो प्रामाणिक माणूस: वर्ड फॉन्ट सोबत घेत नाही, पीडीएफ करताना नकार मिळतो, प्रेसमध्ये अक्षरं बदलतात. माझा कौल ८ ला.

झिपमध्ये टीटीएफ, परवाना आणि नमुन्याची एक पीडीएफ पुरे. टीटीएफ आणि ओटीएफ दोन्ही एकाच झिपमध्ये देऊ नका, लोक दोन्ही बसवतात. फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवा. देवनागरी नावं झिप उघडताना काही संगणकांवर मोडतात. 'वाचा' फाइल यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीच्या बीओएम खुणेसह आणि विंडोजच्या पद्धतीच्या ओळसमाप्तीसह सेव्ह करा. २०१८ च्या आधीच्या नोटपॅडला दुसऱ्या पद्धतीची ओळसमाप्ती कळत नाही, सगळा परवाना एका ओळीत लांबच्या लांब दिसतो.

त्या फाइलीत पहिल्या चार ओळींत फॉन्ट कसा बसवायचा ते लिहा. विंडोज १० च्या २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून 'इन्स्टॉल' म्हटलं की फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो आणि काही जुन्या प्रोग्रॅमना तो दिसतच नाही. राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडायला सांगा. दुसरी ठरलेली तक्रार 'जोडाक्षरं तुटतात'. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडला नसेल तर असं होतं. फोटोशॉपमध्येही टाइपच्या सेटिंगमध्ये तसाच पर्याय आहे. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्या युनिकोड देवनागरी नीट जोडत नाहीत, तिथे तुमच्या हातात काही नाही. हे आधीच लिहून ठेवा. पैसे भरल्यावर ज्याला हे कळतं त्याला फसल्यासारखं वाटतं.

पैशाचं थोडक्यात. देशात यूपीआयचा क्यूआर पानावर लावला की काम भागतं. परदेशातल्या मराठी माणसासाठी कार्ड किंवा पेपाल ठेवा. पेपालनं भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे, बाहेरून आलेले पैसे घेता येतात. वर्षाची सगळी उलाढाल २० लाखांच्या जवळ जायला लागली की जीएसटीसाठी सीएला विचारा. पावती प्रत्येकाला द्या, अगदी ५० रुपये पाठवले तरी.

पैसे भरलेल्याला पाठवायच्या प्रतीत त्याचा पावती क्रमांक घाला. नेम टेबलातली ३ क्रमांकाची नोंद यासाठी सोयीची, कारण ती प्रत्येक फाइलची वेगळी ओळख म्हणूनच असते. फॉन्टटूल्समध्ये पाच-सहा ओळींचा पायथन प्रोग्रॅम पुरतो: फाइल उघडायची, ती नोंद बदलायची, नव्या नावानं सेव्ह करायची. असं करता हे परवान्यात उघडपणे सांगा. त्यानं ठळक वजनाची प्रत गावभर जाणं पूर्ण थांबत नाही, पण दुकानदार ती देताना विचार करतो.

एकदा सोडलेल्या फॉन्टच्या अक्षरांची रुंदी आणि ओळीची उंची बदलायची नाही. नवी जोडाक्षरं वाढवा, वाकडी रेघ सरळ करा, आवृत्ती १.००१ करा, नाव तेच ठेवा. पण क ची रुंदी पाच युनिटनं जरी वाढवली तरी कुणाच्या तरी १६० पानांच्या दिवाळी अंकातल्या ओळी पुढच्या पानावर सरकतात, आणि तो अंक उद्या छपाईला जाणार असतो. रुंदी बदलणं अटळच असेल तर फॉन्टला नवं नाव द्या, 'पागोळी २', आणि जुना पानावर तसाच राहू द्या. ज्यांनी जुन्याचे पैसे भरले त्यांना नवा मोफत पाठवा; त्यांच्या पावती क्रमांकांची यादी तुमच्याकडे असतेच.